सोमवारच्या मुलाखतींआधी

बडोदे, शनिवार रात्र

सोमवारी आमच्या मानसिक आरोग्य केंद्रासाठी मुलाखती आहेत. दोन थेरपिस्ट आणि रिसेप्शनवर एक जण घ्यायचा आहे. अर्जांना हात लावण्याआधी चौकशीची वही काढली. गेल्या तीन महिन्यांत कुणाकुणाला 'हे काम आमच्याकडे होत नाही' म्हणून परत पाठवावं लागलं, त्यावरून पद ठरवायचं. तसं केलं नाही तर सगळेच थेरपिस्ट तरुणांच्या चिंता-नैराश्यावर काम करणारे येतात, कारण तसेच अर्ज जास्त असतात. लहान मुलं, नवरा-बायकोचे ताण, व्यसन, म्हातारपणातलं विसरणं यांना कुणीच वाली राहत नाही. तेच तेच क्लायंट सगळ्यांत वाटले जातात, कुणाचाच आठवडा भरत नाही आणि वर्षाच्या आत एखादा सोडून जातो.

या वेळी वहीत व्यसनाच्या चौकशा पुष्कळ आहेत. गुजरातेत १९४९ च्या कायद्यानं दारूबंदी आहे, परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा. त्यामुळे घरचे लोक आजार सांगतानाही दबकून बोलतात. पोलिसांपर्यंत जाईल का, ही धास्ती असते. म्हणून या पदासाठी उमेदवाराला एकच प्रसंग द्यायचा: बायको नवऱ्याला घेऊन आली आहे आणि नवरा म्हणतो, 'मी काही पीत-बीत नाही.' उमेदवार उलटतपासणी घेऊ लागला, की तो या कामाचा नाही. झोप, भूक, हातांची थरथर, कामावरची गैरहजेरी यांवरून सावकाश बोलतं करणारा माणूस हवा. आणि रोज पिणाऱ्याला 'आजपासून बंद करा' असं परस्पर सांगणारा तर नकोच. एकदम सोडल्यावर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर लागतो.

कागद तपासणं सोपं काम, ते आधी उरकावं. एम.ए. सायकॉलॉजी झालं म्हणजे कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेनं मान्य केलेलं क्लिनिकल प्रशिक्षण आणि परिषदेच्या रजिस्टरमधला नंबर लागतो. अर्जावरच्या नंबरवर विसंबायचं नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव, नोंदणीचा प्रकार आणि मुदत ताडून पाहायची. नूतनीकरण राहून गेलेलं असलं तर ते होईपर्यंत रुजू करून घ्यायचं नाही. समुपदेशकाला समुपदेशक म्हणूनच घ्यावं, पाटीवर आणि पावतीवर तेच लिहावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषधं देणारा डॉक्टर, त्याची नोंदणी वेगळी, मेडिकल कौन्सिलची. 'गोळी अर्धी करून बघा' असं मुलाखतीत सहज बोलून जाणारा थेरपिस्ट आम्ही तिथेच थांबवतो.

खरी परीक्षा वीस मिनिटांच्या भूमिकानाट्यात होते. आमच्यातलाच एक जण क्लायंट होतो आणि मध्येच म्हणतो, 'सगळं संपवून टाकावंसं वाटतं.' पुस्तकी ज्ञान असलेले बरेच जण इथे 'असं बोलू नका, घरच्यांचा विचार करा' यावर घसरतात. आम्हाला थेट प्रश्न ऐकायचा असतो: 'म्हणजे आत्महत्येचे विचार येतात का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग क्रमानं पुढे: कधीपासून, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, आज रात्री घरी सोबत कोण. गोळ्या किंवा कीटकनाशक घरातून हलवायची व्यवस्था, कुणाला कळवायचं याची संमती, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून देणं. हे सगळं कुणी घडाघडा म्हणावं अशी अपेक्षा नसते. 'इथे मी वरिष्ठांना फोन करीन' असं म्हणणाऱ्याला आम्ही जास्त गुण देतो.

त्यानंतर लगेच पंधरा मिनिटांत त्या बैठकीची नोंद लिहायला लावायची. क्लायंट काय म्हणाला, आपल्याला काय दिसलं आणि आपला अंदाज काय, हे तिन्ही वेगळं ठेवता आलं पाहिजे. 'आई फार हट्टी आहे' ही नोंद चालत नाही. 'आई कॉलेज बदलू देत नाही, असं क्लायंटनं सांगितलं' ही चालते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागता येतात. उद्या त्यानं वाचलं तरी खाली बघावं लागणार नाही असंच लिहायचं.

आता रिसेप्शन. या पदासाठी आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. बडोद्याचा मराठी समाज मोठा असला तरी ओळखीत ओळख निघते. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथलं कोण कुणाचं मावसभावंड लागतं हे सांगता येत नाही. हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीला तीच माणसं भेटतात. त्यामुळे उमेदवाराला आम्ही मुलाखतीतच फोन लावतो: 'अहो, आमची सून तुमच्याकडे येते का हो? काळजी वाटते म्हणून विचारते.' 'नाही, येत नाही' हे उत्तरही चूक, कारण पुढच्या वेळी गप्प राहिलं की समोरच्याला उत्तर मिळतं. बरोबर उत्तर प्रत्येक वेळी एकच: 'काकू, कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही. तुम्हाला स्वतःसाठी वेळ हवी असेल तर देते.' आवाजात तुटकपणा नको. हेच गुजरातीत आणि हिंदीतही जमलं पाहिजे. बाहेर क्लायंट दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. नाव पुकारायचं नाही, वही उघडी ठेवायची नाही, आठवणीच्या निरोपात केंद्राचं नाव घालायचं नाही. नातलग किंवा शेजारी क्लायंट म्हणून आला, तर लगेच सांगून त्याची फाइल दुसऱ्याकडे द्यायची. हे आधी लेखी देऊन, मोठ्यानं वाचून मगच सही घ्यावी.

कामाचा भार जाहिरातीतच लिहिलेला बरा. पन्नास मिनिटांची बैठक, दहा मिनिटं नोंदीला. दिवसाला पाचच्या वर नाही. पहिले तीन महिने आठवड्याला आठ-दहाच क्लायंट, सोबत दर आठवड्याला एक तास सुपरव्हिजन (वरिष्ठांसोबत आपल्या कामाची चर्चा), आणि त्या तासाचेही पैसे. नुसत्या टक्केवारीवर ठेवलं, की परीक्षांच्या आणि नवरात्रीच्या दिवसांत बैठका रद्द होतात आणि नव्या माणसाच्या हातात काहीच पडत नाही. ठरावीक पगार आणि वर प्रत्येक बैठकीमागे थोडे, असं आम्ही ठेवतो. संध्याकाळी पाच ते आठ आणि शनिवार ही मागणीची वेळ. ते जमणार नसेल तर आधीच कळलेलं बरं.

सोडून जाण्याचं कलमही पहिल्याच दिवशी दाखवायचं. 'नोकरी सोडल्यावर शहरात प्रॅक्टिस करायची नाही' अशी अट घालून उपयोग नाही, भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. त्याऐवजी साठ दिवसांची नोटीस, प्रत्येक क्लायंटसोबत निरोपाच्या दोन बैठका, फाइल केंद्रात, आणि पुढे कुणाकडे जायचं हे क्लायंटनं ठरवायचं.