तीन चाकांकडून चार चाकांकडे : आमची वाटचाल

आमच्या गॅरेजची सुरुवात प्रवासी रिक्षांच्या दुरुस्तीपासून झाली आणि आजही आमच्याकडे येणाऱ्या वाहनांत रिक्षाच अधिक असतात. तरीही रिक्षाची जागा घेऊ शकतील अशा छोट्या, स्वस्त चारचाकींचे काम आम्ही आवर्जून स्वीकारले, कारण उलटलेल्या रिक्षा सरळ करून देण्याचे काम आम्ही फार पाहिले आहे. पुढे एकच चाक असल्याने वळणावर ब्रेक दाबताच भार बाहेरच्या पुढच्या कोपऱ्याकडे सरकतो आणि नेमक्या त्या कोपऱ्यात आधाराला चाक नसते. हा दोष चालकाच्या कौशल्याने झाकता येतो, पण दुरुस्तीने जात नाही.

मालवाहतुकीत हा बदल लवकर झाला. 2005 मध्ये टाटा एस हा छोटा चारचाकी टेम्पो आला आणि तीनचाकी टेम्पो चालवणारे अनेक जण त्याच्याकडे वळले, कारण अधिक माल नेता आला की अधिक भाडे मिळते. त्यानंतर टाटांनी प्रवासी वाहतुकीसाठी मॅजिक ही छोटी चारचाकी आणि 611 सीसीच्या एकसिलिंडर डिझेल इंजिनाची, रिक्षाएवढ्याच प्रवाशांसाठी असलेली आयरिस आणली. आयरिसमुळे आमच्या कारागिरांचा हात हँडलवरून स्टिअरिंगच्या कामावर बसला.

बजाजने जानेवारी 2012 मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात आरई60 ही छोटी चारचाकी दाखवली तेव्हा स्टँडवरचे चालक आम्हाला रोज तिच्याबद्दल विचारत असत. परंतु अशा वाहनासाठी आपल्या नियमांत वर्गच नव्हता. क्वाड्रिसायकल, म्हणजे हलक्या, छोट्या चारचाकींचा वर्ग ठरणे, त्यावरचे न्यायालयीन वाद आणि 2018 मध्ये खासगी वापराला मिळालेली मान्यता, एवढे सगळे पार पडून एप्रिल 2019 मध्ये ती क्यूट या नावाने महाराष्ट्रात विक्रीस आली. पेट्रोल गाडीची शोरूम किंमत 2.48 लाख रुपये आणि सीएनजीची 2.78 लाख रुपये होती. तोवर विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नवी रिक्षाच घेतली होती, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

खरी अडचण हिशेबाची आहे. चालक सोडून तीन प्रवासी रिक्षातही बसतात आणि क्यूटमध्येही तेवढेच. मग दरवाजे, पक्के छत आणि चौथे चाक यांचा वाढीव खर्च चालकाने कोठून भरून काढावा? बंदिस्त आणि स्थिर वाहनाचे भाडे वेगळे ठरवले जात नाही, तोवर सुरक्षिततेचा भार एकट्या चालकावर पडत राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या हातात आहे तेवढे आम्ही करतो. रिक्षाची क्लचची किंवा गिअरची केबल तुटली तर चालक ती स्टँडवरच बदलतो, मात्र छोट्या चारचाकीचा एखादा सुटा भाग मिळाला नाही तर गाडी उभी राहते, त्या दिवसाची कमाई बुडते आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून लवकर झिजणारे भाग आम्ही स्वतःचे पैसे गुंतवून साठ्यात ठेवतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची सवय असलेल्या चालकाचे कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, लक्ष जात नाही. क्यूटचे इंजिन द्रवाने थंड होते आणि ते मागे असल्याने तापल्याचे पटकन जाणवतही नाही. त्यामुळे पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी कूलंटची पातळी पाहणे आणि डॅशबोर्डवरच्या दांड्याने क्रमाने गिअर बदलणे या दोन्ही गोष्टी चालकाकडून आमच्यासमोर करून घेतल्याशिवाय आम्ही गाडी ताब्यात देत नाही.