वारा पडला की अल्बट्रॉस बसतो

"मावशी, आज वाराच नाहीये गं," गार्गीनं सकाळी खिडकीतून बघत सांगितलं. आपल्याकडे 'आज नळाला पाणी नाही' सांगतात तो सूर.

आमचं घर रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर. वारा पडला म्हणजे समुद्र शांत, होड्या सुखरूप, असं ऐकत लहानाची मोठी झाले. वारा नाही म्हणून हळहळणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ती माझीच भाची. पण तिचं बरोबर होतं. अल्बट्रॉस बघायला निघायचं असेल तर वारा हवा. तीन मीटर पसरणारे पंख फडफडवत उडणं त्या पक्ष्याला परवडत नाही. वारा पडला की तो जिथे असेल तिथे बसून राहतो. जमिनीवर असेल तर जमिनीवर, समुद्रावर असेल तर लाटेवर.

गार्गी न्यूझीलंडमधल्या डनेडिनला ओटागो विद्यापीठात पीएच.डी. करते. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. फेब्रुवारीचा शेवट, म्हणजे तिकडचा उन्हाळा. मी मात्र स्वेटरवर जाकीट घालून. शहरापासून तीसेक किलोमीटरवर, ओटागो द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला तायारोआ हेड आहे. माओरी नाव पुकेकुरा. रस्ता खाडीला चिकटून जातो, वळणावर वळण, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला मेंढ्या. पोर्टोबेल्लोला कॉफी घेतली तेव्हाही पाण्यावर सुरकुती नव्हती.

टेकडीवर पोहोचल्यावर पहिलं स्वागत लाल चोचीच्या सीगलनी केलं. इतका कलकलाट की मिरकरवाड्यात लिलावाच्या वेळी बरं. या टेकडीच्या पोटात एक तोफही आहे, १८८६ सालची, गोळा झाडून परत जमिनीत दडणारी. रशियन येतील या भीतीनं बसवलेली. रशियन आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी अल्बट्रॉस आले.

आले तेही आश्चर्यच. हा नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉस, माओरीत 'तोरोआ'. मराठीत त्याला नाव नाही, कारण आपल्या किनाऱ्याकडे तो फिरकत नाही. यांची जवळजवळ सगळी वीण होते ती पूर्वेकडच्या चॅटम बेटांजवळच्या उघड्या खडकांवर. तायारोआला पहिल्या अंड्याची नोंद १९२० च्या सुमाराची. पुढची सतरा-अठरा वर्षं एकही पिल्लू जगलं नाही. कधी माणसांनी अंडी उचलली, कधी कुत्र्यांनी पिल्लं मारली. मग लान्स रिचडेल नावाचे एक शिक्षक इथे येऊ लागले. त्यांनी एका घरट्याची अक्षरशः राखण केली आणि १९३८ साली इथून पहिलं पिल्लू उडून गेलं. आज या टोकावर अडीचशेच्या आसपास पक्ष्यांची वसाहत आहे. आता ज्या काचबंद निरीक्षणगृहातून आपण पक्षी बघतो, त्याला रिचडेल यांचंच नाव आहे.

काचेपलीकडे उताराच्या गवतात पांढरे ठिपके होते. मला आधी मेंढ्याच वाटल्या. गाइड मुलीनं दुर्बीण माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "घाई करू नका, ते कुठेही जाणार नाहीत." सर्वांत जवळचं घरटं पन्नास पावलांवर असेल. घरटं म्हणजे गवत आणि मातीचा उथळ वाडगा. त्यात एक भलामोठा पक्षी, पण अगदी गुपचूप बसलेला. फिकट गुलाबी चोच, तिच्या वरच्या जबड्याच्या कडेनं सुरमा घातल्यासारखी काळी रेघ. चोचीवर दोन्ही बाजूंना छोट्या नळ्या. त्या त्याच्या नाकपुड्या. समुद्राचं पाणी पोटात गेलं की जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी गाळून काढतात आणि ते थेंबाथेंबानं चोचीच्या टोकाशी येतं. मी बघत असतानाच एक थेंब लोंबला आणि पडला. सर्दी झालेल्या आजोबांसारखा.

मग पक्षी जरासा उठला आणि त्याच्या पोटाखालून राखाडी-पांढऱ्या कापसाचा एक गोळा हलला. पिल्लू! त्यानं आईच्या (किंवा बापाच्या, दिसायला दोघं सारखीच) चोचीवर टकटक केली. मोठ्या पक्ष्यानं मान खाली घालून चोच आडवी उघडली, पिल्लानं आपली चोच तिच्यात कात्रीसारखी घातली आणि घट्ट तेलकट काहीतरी गिळलं. काचेआड असूनही आम्ही सगळे कुजबुजत बोलत होतो.

या एका पिल्लापायी दोघांचं जवळजवळ वर्ष जातं. नोव्हेंबरच्या आसपास एकच अंडं, चारशे ग्रॅमचं. ते अकरा आठवडे दोघं पाळीपाळीनं उबवतात. एक बसतो तेव्हा दुसरा समुद्रावर. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत पिल्लू बाहेर येतं. पहिले पाचेक आठवडे कोणीतरी एक कायम सोबत. नंतर दोघंही जातात आणि आलटूनपालटून खाऊ घेऊन येतात, थेट सप्टेंबरपर्यंत. मधल्या काळात पिल्लू आईबापांपेक्षाही जड होतं. ते उडालं की दमलेलं जोडपं वर्षभर समुद्रावर राहतं, म्हणून अंडं दोन वर्षांतून एकदा. पिल्लू मात्र उडालं ते उडालं. पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे जातं आणि चार-पाच वर्षं जमिनीला पाय लावत नाही.

परत आलं तरी लगेच संसार नाही. उतारावर वरच्या अंगाला पाच-सहा तरुण पक्षी जमले होते. एकमेकांसमोर पंख पसरायचे, माना आभाळाकडे ताणून ओरडायचे, चोचींची टिकटिक. हे कांदेपोहे दोन-तीन हंगाम चालतात. आठ-नऊ वर्षांचे होईतो अंडं नाही, पण एकदा जमलं की सहसा जन्माची गाठ. इथल्या 'ग्रँडमा' या मादीला १९३७ साली रिचडेल यांनी पायात ओळखीचं कडं घातलं, तेव्हाच ती वीण करणारी होती. १९८९ पर्यंत ती इथे येत राहिली. म्हणजे वय साठीच्या पुढेच.

इथले रेंजर अंडं फुटायच्या सुमाराला ते उचलून उबवणयंत्रात नेतात आणि घरट्यात खोटं अंडं ठेवतात. नाहीतर माश्या नुकत्या फुटलेल्या अंड्यावर बसतात आणि अळ्या पिल्लाला खातात. पिल्लू वाळून टुणटुणीत झालं की परत घरट्यात. ऊन फार झालं तर घरट्यांजवळ पाण्याचे फवारे. मला वेळासची आठवण आली. तिथेही कासवांची अंडी वाळूतून उचलून कुंपणात पुरतात आणि पिल्लं समुद्राकडे सोडतात. आमची आजी कोंबडीची अंडी उचलताना एक मागे ठेवायची, "तिला मोजता येत नाही" म्हणत. अल्बट्रॉसलाही येत नसावं.

दुपारी दीडच्या सुमारास ईशान्येकडून वारा सुटला. काच थरथरायला लागली, गवत आडवं झालं आणि तो गुपचूप बसलेला उतार जागा झाला. त्या पाच-सहांतल्या एकानं पंख उघडले. उघडले म्हणजे आधी एक घडी, मग दुसरी, मग तिसरी, आजोबांची घडीची फूटपट्टी उलगडावी तसे. पायांनी बेंगरूळ धावत कड्याच्या काठाशी गेला, आणि पुढच्या क्षणी तो बेंगरूळपणा संपला. पंख एकदाही हलले नाहीत. खांद्यात एक स्नायुबंध असतो, तो उघडलेला पंख अडकवून धरतो. दाराला खिट्टी घालावी तसा. त्यामुळे पंख पसरून ठेवायला जवळजवळ कष्टच नाहीत. लाटेलगत वारा मंद आणि वर जोरात, या फरकावर खाली-वर झोके घेत तो हजारो किलोमीटर जातो. एक पक्षी काचेच्या इतक्या जवळून गेला की वाऱ्याची शीळ ऐकू आली. कोणी बोललं नाही. माझ्या शेजारच्या जपानी आजी डोळे पुसत होत्या. वाऱ्यानं नव्हे, कारण काच बंद होती.

उतरताना मी गाइडला विचारलं, इतकी राखण आहे तर काळजी कसली? ती म्हणाली, "इथे आम्ही आहोत. समुद्रावर कोणी नाही."

त्या वाक्याचा अर्थ दोन दिवसांनी कळला. खाडीच्या पलीकडच्या बाजूला केरीज बे आहे, तिथे मासेमारी बोटी लागतात. बंदर दिसलं की माझे पाय आपोआप वळतात. धक्क्यावर एक निवृत्त तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, दोरी गुंडाळत बसले होते, सत्तरीचे. मी रत्नागिरीची, शेजारी सगळे मच्छीमार, असं गार्गीनं सांगितल्यावर गप्पा सुरू झाल्या. त्यांनी उमेदीची वर्षं ट्यूनाच्या बोटींवर काढलेली. मागे सोडलेली दोरी कित्येक किलोमीटर, मोठ्या बोटींची तर शंभरपर्यंत. तिला हजारो गळ, प्रत्येक गळाला माकूल (स्क्विड) नाहीतर मासा. गळ पाण्यात पडतो पण लगेच बुडत नाही, थोडा वेळ वरवर तरंगतो. त्या तेवढ्या वेळात अल्बट्रॉसला ते आयतं जेवण वाटतं. तो गिळतो, गळ घशात किंवा चोचीत रुततो, दोरी खाली जाते आणि पक्षी तिच्याबरोबर. "वर ओढताना कळायचं," ते म्हणाले. "पांढरं काहीतरी येताना दिसायचं." पुढे काही बोलले नाहीत.

जगभरच्या अशा गळदोऱ्यांवर वर्षाला किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरतात असा अंदाज आहे. अल्बट्रॉसच्या २२ जातींपैकी १५ धोक्यात आहेत. चिमणीसारखा पक्षी असता तर कदाचित भरून निघालं असतं. इथे नऊ वर्षांनी पहिलं अंडं, मग दोन वर्षांना एक. शिवाय गळावर एक पक्षी मेला की घरट्यातलं पिल्लूही गेल्यातच जमा, कारण त्याला दोघांनी भरवावं लागतं. तायारोआत रेंजर मासे भरवून पिल्लू वाचवतील. चॅटमच्या त्या खडकांवर कोण भरवणार?

मग त्यांनी हातातली दोरी उलगडून दाखवली. तिला ठरावीक अंतरावर भडक नारिंगी फिती, फितीचं टोक ओढून झिजलेलं. बोटीच्या मागच्या टोकाला उंच काठी, तिच्यावरून ही दोरी शंभर-दीडशे मीटर मागे सोडायची. गळ जिथे पाण्यात पडतात त्याच्या वर फिती फडफडत राहतात आणि पक्षी जवळ येत नाहीत. नाव 'तोरी लाइन'. तोरी म्हणजे जपानीत पक्षी. जपानी ट्यूनावाल्यांनीच ही युक्ती काढली. पक्ष्यांच्या दयेपोटी काढली असं नाही. महागाचं आमिष पक्षी पळवतात आणि ज्या गळाला पक्षी लागला त्याला मासा लागत नाही, हा हिशेब.

मी हसले. ते म्हणाले, काय झालं? कोकणात भात पिकलं की आम्ही शेतावर जुन्या कॅसेटची रीळ ताणून बांधतो, हे त्यांना समजावून सांगायला गार्गीची मदत लागली. वाऱ्यानं ती चमकते, भुणभुणते, आणि पाखरं उतरत नाहीत. म्हणजे हे समुद्रातलं बुजगावणंच! 'बुजगावणं' हा शब्द त्यांनी तीनदा म्हणून पाहिला. तिन्ही वेळा चुकला.

एवढ्यावर भागत नाही. गळाजवळ वजन लावायचं म्हणजे तो झटकन बुडतो, आणि दोरी रात्री सोडायची, कारण अल्बट्रॉस मुख्यतः उजेडात खातो. तिन्ही एकत्र केलं तर जास्त फरक पडतो. अशा उपायांनी किती, ते आफ्रिकेनं दाखवलंय. बर्डलाइफ आणि आरएसपीबी या पक्षी वाचवणाऱ्या संस्थांनी २००६ साली दक्षिण आफ्रिकेत 'अल्बट्रॉस टास्क फोर्स' सुरू केला. त्यांची माणसं थेट बोटीवर जाऊन खलाशांबरोबर काम करतात. तिथे गळ नव्हे, ट्रॉलरच्या जाळं ओढणाऱ्या जाड तारांवर आपटून पक्षी मरत. फितींच्या दोऱ्या लागल्यावर अल्बट्रॉसचे मृत्यू ९९ टक्क्यांनी घटले. शेजारच्या नामिबियानं २०१५ साली नियमच केला आणि गळदोऱ्यांवरचे मृत्यू ९८ टक्क्यांनी खाली आले. तिथल्या वॉल्विस बे बंदरात या दोऱ्या बायकांचा एक गट बनवतो. आपला बचतगट पापड लाटतो तसा.

माझ्या मते खरी अडचण युक्तीची नाहीच, बघणाऱ्याची आहे. न्यूझीलंडनं किनाऱ्यालगतच्या बोटींवर कॅमेरे बसवायला घेतल्यावर अल्बट्रॉस अडकल्याच्या नोंदी तिपटीहून जास्त झाल्या. पक्षी एकाएकी जास्त मरू लागले नव्हते. लिहिले जाऊ लागले होते. तांडेलांना हे विचारलं तर खांदे उडवत म्हणाले, "कॅमेरा कोणालाच आवडत नाही." तेही खरंच. आपल्याकडे जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, पण त्यासाठी फोटो काढावा लागतो. आमच्या शेजारचा दत्ताराम म्हणतो, "मोबाईल धरू की कासव धरू?" तरी त्याच्या माहितीतल्या दोघांनी फोटो काढले. पैसे मिळाल्याचं मी ऐकलंय, बघितलं नाही.

मार्चमध्ये मी परत आले. तायारोआच्या एका घरट्यावर चोवीस तास कॅमेरा असतो. तो मला नाइलाजानं लागलेलं व्यसन. भाजी चिरताना मोबाईल टेकवून ठेवते. जूनमध्ये, इकडे पागोळ्या गळत होत्या तेव्हा, तिकडे पिल्लू गारांच्या पावसात एकटंच बसून होतं, पाठीवर पांढरी साय धरलेली. दिवसभर कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडेनं दोन मोठे पाय चौकटीत आले आणि मी कुकरची शिट्टी विसरले.

सप्टेंबरात एका पहाटे गार्गीचा मेसेज: "काल रात्री जोरदार वारा होता. गेलं." मी कॅमेरा लावला. वाडग्यात चिखल, कडेला दाबलेलं गवत, दोन-तीन पिसं. एक सीगल येऊन बघून गेला.

आता परत यायला किमान चार वर्षं. गार्गीचा प्रबंध तोवर व्हायला हवा.