एका आकड्यावर उभा राहणारा अंबाडा

दोन वर्षांपूर्वी मिरजेत चुलतबहिणीच्या लग्नाला जाताना मी हौसेने घरीच अंबाडा घातला होता. पहाटे साडेपाचला आरशासमोर बसले ती पावणेसातला उठले, आणि तेवढ्या वेळात २६ काळ्या पिना, दोन रबर आणि स्प्रेची पाव बाटली डोक्यात गेली होती. सप्तपदी होईपर्यंत सारे ठीक होते. मग मोठ्यांच्या पाया पडणे सुरू झाले आणि तिसऱ्या नमस्काराला वाकले तेव्हा अंबाडा सैल होऊन डाव्या कानाशी लोंबू लागला. आत्याने मला मुकाट्याने वधूच्या खोलीत नेले, एकेक पिन काढून माझ्याच रुमालात बांधली, स्वतःच्या अंबाड्यातल्या दोन आकड्यांपैकी, म्हणजे यू आकाराच्या पिनांपैकी, एक उपसला आणि चार-पाच मिनिटांत माझे केस पुन्हा बांधून दिले. "किती टोचून घेतलीस गं डोक्यात! केसानं केस धरायचा असतोय, आकडा नुसता साक्षीला," एवढेच ती म्हणाली. रात्री सांगलीत विश्रामबागेत घरी परत येईपर्यंत तो अंबाडा जागचा हलला नाही.

तेव्हापासून केशरचनेचे व्हिडिओ मी वेगळ्या नजरेने पाहते. त्यांत शेवटची वळणे, मोकळ्या सोडलेल्या बटा आणि खोवलेली फुले सावकाश दाखवतात. पण रचना दिवसभर टिकते ती ज्या तयारीवर, तो भाग मात्र नेमका भरभर पुढे सरकवलेला असतो. पाहणारीला वाटते की आपल्या हातालाच वळण नाही. वळण असते, केसांना पकड नसते.

माझी पहिली चूक त्याच सकाळची होती: मी न्हाऊन, भरपूर कंडिशनर लावून आले होते. केसाच्या पृष्ठभागावर अगदी बारीक खवले असतात, आणि कंडिशनरच्या थराने ते गुळगुळीत झाले की एक केस दुसऱ्यावरून सरकतो. मोकळे केस मिरवायचे असतील तेव्हा हा गुण फार चांगला. बांधायचे असतील तेव्हा हाच दोष ठरतो. म्हणून समारंभाच्या आदल्या दिवशी न्हावे, कंडिशनर केसांच्या खालच्या अर्ध्या भागालाच लावावे, आणि केस जरा ओलसर असतानाच दोन-तीन सैल वेण्या घालून झोपावे. सकाळी केसांना जी बारीक नागमोड येते तिच्यामुळे केस एकमेकांत अडकून राहतात आणि अर्ध्या पिना वाचतात. तेलाचे म्हणाल तर खोबरेल तेलावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण ते न्हाण्याच्या आधी लावायचे. चप्प तेल लावलेल्या केसांवर वेणी उत्तम बसते, कुरळ्या बटा मात्र तासाभरात मान टाकतात.

आता अंबाडा. नंतर आत्याच्या घरी जाऊन मी तो दोनदा तिच्याकडून घालून घेतला आणि तिसऱ्यांदा तिच्यासमोर स्वतः घातला. मानेच्या दोन बोटे वर सगळे केस एका मुठीत घ्यायचे, हवे तर तिथे एक रबर लावायचा, आणि मुळापासून पीळ द्यायला लागायचे. आपण बहुतेकजणी शेंड्याकडे पीळ देतो आणि मुळाशी केस सैलच राहतात. आत्या डाव्या हाताच्या अंगठ्याने मूळ दाबून धरते आणि उजव्या हाताने पीळ घालत जाते; दोरी जास्त वळली की ती जशी आपोआप दुमडून स्वतःभोवती फिरू पाहते, तसे केस वागू लागले की मगच थांबते. मग ज्या दिशेने पीळ दिला त्याच दिशेने तो मुळाभोवती गुंडाळायचा. दिशा उलटी झाली तर प्रत्येक वेढ्याला पीळ उलगडत जातो, आणि लग्नात माझे नेमके हेच झाले असणार. पहिला वेढा मुळालगत, दुसरा त्याच्या बाहेरून पण डोक्याला टेकूनच. एकावर एक रचले तर अंबाडा उंच होतो आणि वाकल्यावर स्वतःच्याच भाराने कलंडतो. शेंडा शेवटच्या वेढ्याखाली बोटाने सारायचा.

आकडा लावण्याची रीत तर मी तोवर कधी नीट पाहिलीच नव्हती. आकड्याची दोन्ही टोके आधी अंबाड्यापासून बाहेरच्या दिशेला धरून त्याच्या काठाचे थोडे केस उचलायचे, मग आकडा उलटा फिरवून टोके अंबाड्याच्या मध्याकडे वळवायची, आणि डोक्यालगतचे थोडे केस घेत तो आत सरकवायचा. बरोबर बसला तर बोटांना किंचित ताण लागतो आणि मान हलवली तरी टोचत नाही. सहज, लोण्यात सुरी जावी तसा आत गेला तर तो बाहेरही तसाच येणार, हे समजून काढून पुन्हा लावावा. माझे केस पाठीच्या मध्यापर्यंत आणि मध्यम दाट आहेत, त्यांना एक पुरतो. कमरेपर्यंतच्या दाट केसांना चार बाजूंनी चार लागतील, त्यात कमीपणा काही नाही.

काळ्या पिनांविषयी थोडक्यात सांगते. त्यांची नागमोडी बाजू डोक्याकडे आणि सरळ बाजू वर ठेवायची. मी कित्येक वर्षे उलट लावत आले, कारण नागमोडी बाजू दिसायला नक्षीसारखी वाटते. जिथे जोर हवा तिथे दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवरून जाऊ द्याव्यात. पिन दातांनी उघडू नये, कारण टोकाचा मऊ थेंब निघून गेला की तीच पिन डोक्याला ओरखडे काढते.

वेण्यांचा अभ्यास मला मुलीमुळे करावा लागला. ती चौथीत आहे, आणि शाळेच्या नियमाच्या दोन रिबिनींच्या वेण्यांचा तिला आता कंटाळा आला आहे. सुट्टीच्या दिवशी तिला सागरवेणी हवी असते. कपाळाजवळच्या केसांचे तीन बारीक पेड घेऊन साधी वेणी सुरू करायची आणि प्रत्येक वेळी बाजूचा पेड मधल्यावरून नेताना त्या बाजूचे थोडे मोकळे केस त्यात मिळवत मानेपर्यंत यायचे. यात अवघड असते ती दर वेळी सारखीच जाडी उचलण्याची सवय, आणि हात डोक्याला चिकटवून ठेवण्याची. हात लांब गेले की वेणी मानेशी फुग्यासारखी सुटते. पेड वरून न नेता खालून नेले तर तीच वेणी उलटी होऊन डोक्यावर उठून दिसते. केस विरळ असतील तर ही उलटी सागरवेणी अधिक शोभते, कारण बांधून झाल्यावर तिच्या कडा शेंड्याकडून वर येत हलकेच ओढून रुंद करता येतात. खजुरी वेणी दिसायला सर्वांत कठीण आणि करायला सर्वांत सोपी: दोनच भाग घ्यायचे, एकाच्या बाहेरच्या कडेची बारीक बट काढून दुसऱ्याच्या आतल्या कडेला द्यायची, मग दुसऱ्याची पहिल्याला. वेळ मात्र लागतो. बट जितकी बारीक तितकी वीण सुंदर, आणि मुलीची चुळबुळही तितकीच जास्त.

ती "दुखतंय" म्हणाली की पूर्वी मी "बस गप्प" म्हणत असे. आता म्हणत नाही. रोज त्याच जागी केस ताणून बांधले तर कानशिलांवरचे आणि कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात, आणि मुळे फार काळ दुखावली तर तिथे पुन्हा उगवतही नाहीत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. तुटलेली बट पुन्हा हनुवटीपर्यंत यायला दीड-दोन वर्षे लागतात. भुवया वर खेचल्या जात असतील तर वेणी सोडून पुन्हा घालावी, एवढी साधी खूण मी ठरवली आहे.

गेल्या डिसेंबरात तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच होता आणि बाईंनी सगळ्या मुलींना नऊवारीवर खोपा सांगितला. हिचे केस खांद्यापर्यंत. शेवटी आईच्या ट्रंकेतले गंगावन, म्हणजे वेणीत जोडायचे सुटे केस, बाहेर काढले. आमच्या या गावाला गंगावन काही परके नाही: १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत नाटक उभे केले, आणि त्यानंतर कितीतरी दशके रंगभूमीवरच्या स्त्रिया म्हणजे पुरुषच होते. पलूस तालुक्यातले नागठाणे ज्यांचे गाव म्हणून आम्ही अभिमानाने सांगतो त्या बालगंधर्वांची लुगडी नेसण्याची आणि गजरा माळण्याची ढब पाहून त्या काळच्या घरंदाज बायका तशीच करू लागल्या. माझ्या मुलीला यातले काही सांगितले तर तिचा एकच प्रश्न, "त्यांना टोचत नव्हतं?" टोचत असणार. गंगावन थेट मुळाशी बांधले की त्याच्या वजनाने ते खाली ओढते. म्हणून आधी तिच्या स्वतःच्या केसांची घट्ट पोनी बांधली, बोटभर वेणी नुसत्या तिच्याच केसांची घातली, गंगावनाची गाठ तिथे अडकवली आणि पुढे ते तिन्ही पेडांत वाटून घेतले. मग ती वेणी गोल गुंडाळून वरून काळी जाळी लावली. नाचात दोनदा गिरक्या होत्या. जाळीने जबाबदारी पार पाडली.

कुरळ्या केसांबाबत मी आता पूर्णपणे पाण्याच्या बाजूची आहे, गरम मशीनच्या नाही. केस केराटिन या प्रथिनाचे असतात आणि त्यांचा आकार काही प्रमाणात हायड्रोजनच्या दुबळ्या बंधांनी धरलेला असतो. केस भिजले की हे बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. वेणी घालून झोपल्यावर सकाळी नागमोड येते ती यामुळे, आणि जुलैत दमट हवेत निघाल्यावर तासाभरात ती उतरते तीही यामुळेच. म्हणून एप्रिलच्या कोरड्या सांगलीत ज्या बटा संध्याकाळपर्यंत राहतात, त्या पावसाळ्यात दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नाहीत. साताऱ्याची वहिनी माझ्याच पद्धतीने बटा करून महाबळेश्वरला गेली आणि पसरणीचा घाट चढेपर्यंत केस सरळ झाले म्हणून माझ्यावर रुसली. त्यात माझा दोष अर्धाच होता, बाकीचा धुक्याचा.

पद्धत अशी. जुन्या सुती साडीच्या दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब अशा बारा पट्ट्या फाडून ठेवायच्या. केस टॉवेलने टिपून जवळजवळ वाळू द्यायचे, हाताला फक्त थंडावा लागेल इतपत ओल राहू द्यायची. एकेक बट पट्टीच्या मध्यावर शेंड्यापासून मुळाकडे गुंडाळायची आणि पट्टीची टोके गाठ मारून बांधायची. चेहऱ्याजवळच्या बटा चेहऱ्यापासून दूर जातील अशा वळवाव्यात. फार ओल्या केसांना हे केले तर आतला वेढा सकाळपर्यंत वाळत नाही आणि पट्टी सोडल्याबरोबर बट लांब होते. सुरुवातीला तीन वेळा मला हाच अनुभव आला. सकाळी आधी मागची एकच पट्टी सोडून पाहावी, आणि आत थोडीही ओल लागली तर पंख्याखाली आणखी अर्धा तास बसावे. सोडल्यावर कंगवा लावायचा नाही. खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहातांवर चोळून बोटांनीच बटा मोकळ्या करायच्या.

मशीन माझ्याकडेही आहे. एकदा ऑफिसच्या घाईत अर्धवट ओल्या केसांवर ते फिरवले, चर्र आवाज आला, वाफ निघाली आणि जळक्या पिसासारखा वास खोलीत भरला. केसातले पाणी एकदम उकळून वाफ झाली की केसाच्या आत बारीक बुडबुडे तयार होतात आणि केस तिथूनच तुटतो. वापरायचेच असेल तर केस पूर्ण कोरडे हवेत, उष्णता मशीन देईल तितकी नको, काम होईल तितकीच हवी, आणि मशीनमधून निघालेली गरम बट लगेच न सोडता निवेपर्यंत तळहातावर गुंडाळलेलीच धरावी. हा शेवटचा अर्धा मिनिट जवळजवळ कोणीच देत नाही.

गजरा सगळ्यांत शेवटी, स्प्रे मारून झाल्यावर. उन्हाळ्यात मी तो गणपती मंदिराजवळच्या फुलवाल्या मावशींकडून आदल्या संध्याकाळी आणते, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवते. लावताना पिन फुलातून न घालता दोन फुलांमधल्या दोऱ्यावरून घालावी. मोगऱ्याच्या गजऱ्याला अबोलीची एक ओळ जोडली तर साध्या अंबाड्यालाही वेगळी सजावट लागत नाही.

आत्याचा तो आकडा अजून माझ्याकडेच आहे. ती दर भेटीत मागते, आणि मी दर वेळी घरीच विसरून जाते. मागच्या महिन्यात हरभट रोडला ती समोरून येताना दिसली, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या होत्या. रस्ता ओलांडताना तिने मान वळवली तेव्हा मी मुद्दाम मागे पाहिले. तिच्या अंबाड्यात एकच आकडा होता.