सर, 100 च्या वर टक्के जातात का?

मी मूळचा सांगलीकडचा, नोकरी पारोळा तालुक्यात, झेडपीची शाळा. सहावीला शेकडेवारी शिकवून झाली होती आणि मला वाटत होतं की झ्याक झालंय, म्हणून छोटी टेस्ट घेतली. त्यात एक गणित, 50 हे 40 चे किती टक्के? वर्गात 31 पोरं, त्यातल्या 26 जणांनी 80 लिहिलं. एकाने 125 काढून ते खोडलं होतं आणि बाजूला 80 केलं होतं.

त्याला म्हटलं, काय रे, बरोबर होतं ना, खोडलं कशाला? तर म्हणे सर, 100 पैकी 125 मार्क कोणाला पडतात का? आता यावर काय बोलणार. पोरांनी टक्के फक्त निकालपत्रावर बघितलेले, त्यामुळे लहान आकडा वर, मोठा खाली, गुणिले 100, हा नियम त्यांनी स्वतःच बनवून टाकलेला.

मी आपलं परत फळ्यावर, बघा, ज्या आकड्याला 'चे' लागलंय तो खाली. सगळे गप्प. मागून एक मुलगी हळूच बाजूचीला म्हणाली, 'चे' म्हंजे आपलं 'ना'. तेव्हा माझी ट्यूब पेटली, यांच्या घरी अहिराणी, तिथे चा-ची-चे नाहीच, ना-नी चालतं! आणि मी चार दिवस त्या 'चे'वर बोट ठेवून ओरडत होतो.

मग कापूस घेतला. जिनिंगला एक क्विंटल कापूस टाकला तर रुई किती निघते? 34-35 किलो, चार-पाच जण एकदम बोलले, बाकी सरकी. क्विंटल म्हणजे 100 किलो, म्हणजे 34 टक्के उतारा, गणित करायचंच नाही. आणि दोन क्विंटल टाकला तर? 68 किलो. टक्के? एक जण 68 बोलला आणि लगेच जीभ चावली.

आता तो खोडणारा उठला, सर, मांगला साल आमना आठ क्विंटल कापूस व्हयना, आवंदा दहा. म्हटलं, चल, आठना दहा किती टक्के? 10 भागिले 8 गुणिले 100, 125. म्हणजे मागचा अख्खा 100 टक्के, वर 25. त्याला पटलं. पण मी थांबलो नाही, म्हटलं पुढच्या साली परत आठच झाला तर? 80, म्हणजे 20 टक्के घट. तो जाम वैतागला, दोन क्विंटल वाढला तर 25 आणि तेच दोन कमी झाले तर 20, असं कसं? पहिल्यांदा खाली 8 होतं, आता 10 आहे, हे त्याला मी नाही, बाजूच्या मुलीने सांगितलं, ते पण अहिराणीत, मला अर्धंच कळलं.

खोडलेल्या 125 ला मी मार्क देऊन टाकला. तास सुटताना तोच पोरगा वहीत काहीतरी करत होता, बघितलं तर 26 भागिले 31. म्हणे सर, 31 ना 26, साधारण 84 टक्के वर्ग चुकना.