तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मोठी रेस, मग आम्ही कशी ऐकली नाही?

लग्न असो, चवथ असो, डिचोलीच्या बाजारात कोणी भेटो, मी आयल ऑफ मॅनला, म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या बेटावर, कामाला होते हे कळलं की पहिला प्रश्न पगाराचा आणि दुसरा हा. 'जगप्रसिद्ध रेस म्हणतेस, मग आम्ही कशी ऐकली नाही?' विचारायचा सूर असा की जणू तिथली ती मोटरसायकलींची टीटी रेस मीच भरवते आणि जाहिरातीत कमी पडले. एकदाच लिहून टाकते, यापुढे कोणी विचारलं की हेच वाचायला देणार.

आधी थोडं भांडते. तुम्ही ऐकली नाही म्हणजे कोणीच ऐकली नाही असं नसतं हो. वागातोरला बुलेटवाले जमतात ना, त्यांच्यात जाऊन नुसतं टीटी म्हणा, बघा कशी माना वळतात. आणि ज्या अॅक्टिव्हावर बसून, हेल्मेट हँडलला लटकवून, तुम्ही मला हा प्रश्न विचारता त्या होंडाचं नाव जगात झालं त्यात या रेसचा वाटा मोठा आहे. सोइचिरो होंडाने 1954 मध्ये जाहीर केलं की आम्ही टीटीत उतरणार, तेव्हा त्या कंपनीला जपानबाहेर कोण ओळखत होतं? 1959 ला उतरले, 1961 ला माइक हेलवुडने त्यांच्या 125 आणि 250 सीसी दोन्ही गाड्यांवर रेस जिंकून दिली. म्हणजे रेस तुमच्या दारात उभी आहे, तुम्ही फक्त नाव विचारलं नाही.

झालं भांडून. खरं सांगायचं तर मला तोंड नाही, कारण तिथं उतरेपर्यंत मीही ऐकली नव्हती. म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नोकरी लागली, मी बॅग भरली. ते होम होतं रेसच्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, याचा अर्थ काय ते पहिल्या मेअखेरीस कळलं. रस्ता बंद झाला की बंद, ड्युटी संपो न संपो. बदलीची बाई पलीकडे अडकलेली, मी अलीकडे, आणि मधून माणसं दोनशेच्या वर स्पीडने चाललेली. स्टेडियम वगैरे काही नाही, रोजचाच रस्ता, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती, घरं, विजेचे खांब, पब. एक फेरी 60 किलोमीटरची, म्हणजे पणजीहून मडगाव आणि जवळजवळ परत पणजी, वाटेत डोंगरही. 2023 मध्ये पीटर हिकमनने ती साडेसोळा मिनिटांत मारली. आपला पर्वरीचा सिग्नल कधीकधी तेवढा वेळ घेतो.

तेव्हाची मी बहिणीला फोनवर काय काय म्हणायचे! वेडे आहेत, पैसा जास्त झालाय, माणसं मारायचा खेळ करून ठेवलाय, सरकार परवानगी तरी कशी देतं. परवानगीचं उत्तर नंतर मिळालं. ब्रिटनमध्ये रेससाठी रस्ते बंद करायला बंदी होती, या बेटाची संसद वेगळी, तिने 1904 मध्येच कायदा करून मोकळीक दिली आणि 1907 पासून टीटी सुरू झाली. बाकीच्या बोलण्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण आज कोणी तेच बोललं की मला राग येतो. का येतो? माहीत नाही. तेव्हाची मी अगदीच चुकत होते असंही मी म्हणणार नाही.

एवढं खरं की होममध्ये एक आजी होती, नव्वदीची, जेवणाचं भान नसायचं, पण बेटाच्या मँक्स रेडिओवर रेसची कॉमेंट्री लागली की ताठ बसायची. कोण कुठल्या वळणावर, कोण मागे पडला, सगळं मला ओरडून सांगायची. बाहेरच्या लोकांना त्या रस्त्याबद्दल एक आकडा माहीत असतो, अडीचशेहून जास्त मेले. आजीला आकडा ठाऊक नव्हता, माणसं ठाऊक होती. अमका कोणाच्या घरी उतरायचा, तमक्याची आई कशी होती.

2022 ला रेसच्या पंधरवड्यात पाच जण गेले, त्यातले दोघे बाप-लेक, एकाच साइडकारवर. तेव्हा मावशीचा फोन आला. इतकी वर्षं जी रेस तिने ऐकली नव्हती ती त्या दिवशी तिला माहीत होती. 'तिथं माणसं मेली म्हणे, बंद का करत नाहीत?' मी फोन ठेवून दिला.

आता शिरगाव. डिचोलीजवळच्या या गावात लईराई देवीची जत्रा भरते, इथल्यांना सांगायला नको. माझा भाऊ धोंड आहे, म्हणजे देवीचा भक्त, दरवर्षी व्रत धरतो, हातात वेताची काठी, होमकुंडाच्या निखाऱ्यांतून जातो. मी तोवर गोव्यात परत आले होते. 2025 ला, 3 मेच्या पहाटे वहिनीचा फोन आला, तिथं चेंगराचेंगरी झाली आणि ह्यांचा फोन लागत नाही. मोबाइलवर व्हिडिओ यायला लागले होते, मी एकेक थांबवून त्यात त्याची काठी शोधत होते, आता आठवलं की वेड्यासारखं वाटतं, सगळ्यांच्या काठ्या सारख्याच की. वहिनी दर पाच मिनिटांनी फोन करायची आणि काही न बोलता ठेवायची. तो आठ वाजता कोणाच्या तरी स्कूटरवरून घरी आला, पायाला लागलेलं, एक शब्द बोलला नाही, न्हाणीत गेला आणि खूप वेळ पाणी ओतत राहिला. काही घरांत त्या सकाळी कोणी परत आलं नाही.

दोन दिवसांनी बेटावरच्या माझ्या जुन्या मैत्रिणीचा मेसेज. गोवा बातम्यांत होतं, लोक निखाऱ्यांवरून चालतात म्हणे, आणि हे कायद्याने चालतं?

मी केवढं तरी लिहून पाठवलं. देवीचं, तिच्या बहिणींचं, मोगऱ्याच्या फुलांचं, सोवळ्याचं. शेवटी लिहिलं की आमच्या जत्रेची तुमच्या रेसशी तुलना नको, जत्रेला कोणी मरायला जात नाही. तिचं उत्तर एका ओळीचं होतं, रेसलाही कोणी मरायला जात नाही. यावर मी अजून काही लिहिलेलं नाही. तिचं बरोबर आहे असं मला वाटत नाही. रेसवाल्याने धोका मोजून सही केलेली असते, जत्रेतल्या बाईने कुठे सही केली होती? पण मग भाऊ म्हणतो मी पुन्हा जाणार, आणि वहिनीने त्याच्याशी बोलणं टाकलं, तेव्हा मी कोणाच्या बाजूने बोलायचं ते मला सुचत नाही.

तर का ऐकली नाही? आपल्याकडे टीव्हीवर क्रिकेटपुढे काही शिल्लक राहत नाही, त्यात आपला कोणी पळत नाही, आणि मेल्याशिवाय बातमी होत नाही. मावशीचं म्हणणं वेगळंच, दाखवत नाहीत म्हणजे तेवढी मोठी नसणार. तिला मी यूट्यूबवर अख्खी फेरी दाखवली. तिने पूर्ण बघितली आणि विचारलं, 'हे सगळं खरंय की गेम?'