ती बाई स्टेजवर का आणली नाही

मी बसवलेलं नाटक पाहून तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. खरं तर विचारून विचारून बेजार केलंत म्हणून. मंडईत भेटलं की तोच प्रश्न, लग्नाच्या पंगतीत तोच, आणि परवा बँकेच्या रांगेत मागून आवाज आला, "म्याडम, थे नवऱ्याले मारनारी बाई काऊन नाई दाखवली? अख्खं नाटक तिच्यावर, अन् थेच गायब?"

ती मी गायब केलेली नाही. सुसान ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेनं 1916 साली हे नाटक, 'ट्रायफल्स', लिहिलं तेव्हापासूनच ती गायब आहे. नवरा गळ्याला दोर आवळून मेलाय, बायको तुरुंगात आहे, आणि तिच्या गारठलेल्या स्वयंपाकघरात पाच जण आलेत: सरकारी वकील, शेरीफ म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, एक शेजारी, आणि यातल्या दोघांच्या बायका. पुरुष माडीवर जातात, गोठ्यात जातात, पुरावा शोधतात. बायका खालीच थांबतात. त्यांना सगळं तिथंच सापडतं आणि त्या ते सांगत नाहीत. संपलं नाटक. रात्री दहाला सुरू होऊन पहाटे सुटणाऱ्या नाटकांच्या आपल्या झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भात, एवढ्यात तर नीट बसूनही होत नाही. तोही आरोप माझ्यावर आहेच, त्याचं उत्तर नंतर कधी.

हे हवेतून आलेलं नाही. ग्लास्पेल आधी वार्ताहर होती. डिसेंबर 1900 मध्ये आयोवा राज्यात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीनं खून झाला. त्याच बिछान्यात झोपलेली बायको म्हणाली, मी कोणाला पाहिलं नाही. ग्लास्पेलनं त्या खटल्याच्या बातम्या दिल्या. मार्गारेट हॉसॅकला शिक्षा झाली, वरच्या कोर्टात ती रद्द झाली, दुसऱ्या खटल्यात निकाल देणाऱ्या पंचांचं, ज्युरीचं, एकमत झालं नाही आणि ती सुटली. ज्युरीत सगळे पुरुष, कारण बायकांना तिथं बसताच येत नव्हतं. पुढं नाटक लिहिताना ग्लास्पेलनं आरोपी बाईला लोकांपुढं उभीच केली नाही. स्वतः मात्र उभी राहिली, शेजारणीच्या, मिसेस हेलच्या भूमिकेत.

आणि बाई स्टेजवर नसण्याचं आपल्याला एवढं नवल का वाटावं? दंडारीत, आपल्या इथल्या जुन्या लोकनाट्यात, बाईचं काम पुरुष करायचे, तेव्हा कुणी विचारलं नाही की खरी बाई कुठं आहे. आता वडशाच्या नाटक कंपन्यांत नट्या आल्या, तर बाईनं यायलाच हवं, रडायलाच हवं, जमलं तर एक गाणंही म्हणायला हवं. बरं, बंडखोर म्हणाल तर इब्सेनच्या 1879 च्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली नोरासुद्धा घर सोडण्याआधी पूर्ण नाटकभर समोर असते. आपलं 1942 चं मराठी नाटक 'कुलवधू' घ्या, ज्योत्स्ना भोळ्यांची भानुमती समोर बोलते, गाते. बाईनं भांडावं, निघून जावं, इथवर आपण आलो. पण ती दिसूच नये आणि तरी नाटक तिचंच असावं, हे पचत नाही.

एम.ए.ला असताना मी 'ट्रायफल्स'वर परीक्षेत लिहिलं होतं: पिंजरा म्हणजे संसार, कॅनरी पक्षी म्हणजे ती बाई, मोडलेली बिजागरी म्हणजे नवऱ्याची दांडगाई. मार्क चांगले पडले. त्या मुलीशी मी आता भांडते. अगं, नाटकातल्या त्या दोघींना प्रतीकं नाही सापडत. त्यांना गोधडीतला एक तुकडा सापडतो, ज्यात टाके एकाएकी वाकडेतिकडे गेलेत. मग शिवणाच्या टोपलीतल्या छानशा डबीत, रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगाळलेला पक्षी. वकील माडीवर जो हेतू शोधतोय तो इथं पडलाय. हा पुरावा आहे, अलंकार नाही. पण ती मुलगीही हट्टी. म्हणते, लग्नाआधी ती बाई गायची, नवऱ्याच्या घरी गाणं बंद झालं, पक्षी गायचा, तोही त्यानं संपवला. मग गप्प केलं ते नुसतं पाखराला? यावर मला धड उत्तर सुचत नाही. एवढंच म्हणते की हे बाकावर बसून दिसतं, चुलीपाशी आधी टाके दिसतात.

आमच्या प्रयोगात कॅनरीची मैना झाली आणि चेरीच्या बाटल्यांच्या जागी आंब्याच्या लोणच्याची बरणी आली. वकील मळक्या टॉवेलकडं पाहून "घर काही नीट ठेवत नव्हती" म्हणतो तेव्हा पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. बायकांच्या बाजूला नाही. मग शेजारीण ते वाकडे टाके उसवून सरळ घालायला बसली, आणि बायकांतून एक म्हातारा आवाज आला, "उसव, उसव लवकर, येतीन थे!" टाका म्हणजे काय, पिंजरा म्हणजे काय, हे त्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं.

आता खरं कारण. हे मी तालमीतही सांगितलेलं नाही.

शेजारच्या घरातला माणूस औषध पिऊन गेला. नाव, गाव, साल सांगणार नाही. धान कापणीला आलं होतं. चौकशीला माणसं आली, अंगणात खुर्च्या मांडल्या. शेतकरी आत्महत्येच्या एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवायचं असतं, म्हणून प्रश्न ठरलेले: सातबारा कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या बँकेचं, वसुलीचा तगादा होता का, पीत होता का. उत्तरं दीर देत होता. ती आतल्या खोलीत. तिला हाक मारावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी शेजारीण, शिकलेली, म्हणून मला चहा करायला आत पाठवलं.

चुलीपाशी सुपात तांदूळ होते, अर्धे निवडलेले, कडेला खड्यांचा लहानसा ढीग. कशावरून तरी अर्ध्यातच उठली होती. साखर शोधत मी डबे उघडत गेले. डाळीच्या डब्यात हाताला प्लास्टिकची पिशवी लागली. आत बायकांच्या गटकर्जाचं पुस्तक, तिच्या नावाचं, शेवटच्या हप्त्यांच्या जागा कोऱ्या. सोबत सोनाराची चिठ्ठी, डोरलं गहाण ठेवल्याची. मागं पाहिलं तर ती दारात उभी. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग हाताकडं. बोलली काहीच नाही. बाहेर दीर सांगत होता, "भाऊ लाखमोलाचा होता साहेब, घरातच काही बिनसलं असन तं सांगता येत नाही."

मी ती पिशवी माझ्या पर्समध्ये टाकली आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. एक साहेब म्हणाले, साखर कमी आहे. साखर नव्हतीच घरात.

पिशवी मी तिला नंतर दिली. ती माहेरी गेली. मी पुरावा लपवला असं म्हणायचं असेल तर म्हणा. घरात कर्ज होतं हे कळलं असतं तर प्रकरणाला जोर आला असता का? आलाही असता. दिराच्या हाती पडलं असतं तर बायकोनंच घर बुडवलं अशी हाकाटी झाली असती. तीही झालीच असती. त्या दोन मिनिटांत मला दुसरी शक्यताच दिसली, आणि आजही पुन्हा तसंच करीन असं म्हणते, कधी ठाम, कधी नुसतं म्हणायचं म्हणून.

त्यामुळं "तुम्ही खुनाचं समर्थन करता का" हा तुमचा जोडप्रश्न मला लागत नाही. नाटकातल्या त्या दोघी कशाचं समर्थन करत नाहीत. त्यातली शेजारीण उलट म्हणते की मी वर्षभराहून अधिक काळ तिच्याकडं आले नाही, हाच गुन्हा, याची शिक्षा कोण देणार?

तालमीत एकदा मी त्या आरोपी बाईला स्टेजवर आणून पाहिली होती. शेजारी सांगतो तशीच, खुर्चीत बसून पदराच्या चुण्या करणारी. झालं काय, सगळे तिच्या तोंडाकडं पाहत बसले: केलं असेल का, नसेल? टॉवेल, बरणी, टाके कुणी पाहिनात. तिला खुर्चीवरून उठवलं तेव्हा लोकांची नजर स्वयंपाकघराकडं वळली. माझं उत्तर हे एवढंच आहे.

पण शेरीफच्या बायकोचं काम करणारी माझी विद्यार्थिनी, धानाच्या बांध्या तुडवत तालमीला येणारी, प्रयोगानंतर म्हणाली, "मॅडम, अंगणातल्या लोकांनी बाईले आत ठेवली म्हनून आपन त्यायले नावं ठेवतो. मंग तुमीबी तं तिले आतच ठेवली." अंगणाची गोष्ट तिला ठाऊक नाही, ती नाटकाबद्दलच बोलत होती. मी तिला ग्लास्पेलचं नाव सांगितलं, ज्युरी सांगितली, खुर्चीची तालीम आठवून दिली. तिला पटलं नाही.

वडशाहून एका कंपनीचा निरोप आलाय. नाटक घेतो म्हणतात, पण शेवटी ती बाई हवी, लावणीसकट. मी नाही म्हटलं. मग म्हणे, निदान वकिलाला तरी एक गाणं द्या. त्याला हरकत नाही, असं कळवलंय.