पाखरं चार, खाणारी चौदा

आबांच्या शिकारीच्या गोष्टीतले लावे दर दिवाळीला वाढायचे. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चार होते, मी कॉलेजात जाईस्तोवर डझनावर गेले. आज्जी भाकरी थापता थापता एवढंच म्हणायची, "पाखरं चार आन् खानारी चौदा. पोटं कशानं भरली त्ये बी सांगा की."

भरली होती मुटक्यांनी, म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या मुठीत दाबून रश्श्यात शिजवलेल्या गोळ्यांनी. मूठभर पाखराच्या अंगावर मांस असून असणार किती? खरं जेवण रस्सा पिऊन टम्म झालेल्या मुटक्यांचंच.

शिकारीचं कोल्हापूरला पहिल्यापासून वेड. संस्थानात काळविटांमागं सोडायला चित्ते पाळलेले. दाजीपूरचं रान राजांनी शिकारीसाठी राखलेलं. त्याचंच १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं. पुढं १९७२चा वन्यजीव कायदा आला, १९९१ साली तो आणखी कडक झाला आणि रानातल्या लाव्या-तित्तराला हात लावायची सोय उरली नाही. बरंच झालं. नाहीतर आबांचा आकडा खरा ठरला असता.

आता मिळतो तो पोल्ट्रीतला जपानी लावा. पाच-सहा आठवड्यांत तयार होतो आणि साफ केल्यावर जेमतेम दीडशे ग्रॅम भरतो. मागं एका रविवारी चार आणले. कांदा-लसूण मसाला घरचा, खोबरं-तीळ भाजून वाटलेले, सगळं रीतसर. घोटाळा मुटक्यांनी केला. ज्वारीचं पीठ गार पाण्यात मळलं, रस्सा नुसता गरम असताना सोडलं आणि वर शहाणपणानं पळी फिरवली. पाच मिनिटांत पातेल्यात तांबडी लापशी, त्यातून वर आलेल्या चार तंगड्या. बायको म्हणाली, "रस्सा दाट झालाय छान." तिचं असं गोड बोलणं मला जास्त लागतं.

ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, पिठाची उकड काढल्याशिवाय ती धरून राहत नाही. आज्जी परातीतल्या पिठावर कढत पाणी ओतायची, उलथन्याच्या दांड्यानं कालवायची आणि हात भाजेल इतक्या गरमागरम पिठालाच मळायला घ्यायची. त्यात तीळ, ठेचलेला लसूण, कोथिंबीर. मग लिंबाएवढा गोळा मुठीत एकदाच दाबायचा. त्यावर चार बोटांच्या चार खाचा उठतात, आणि त्यातच रस्सा साचतो. "उकळ्या फुटल्याबिगर सोडू नगंस, आन् वर येईस्तोवर पळी लावू नगंस," हे तिनं आईला सांगितलेलं मी चुलीपुढं बसून ऐकलं होतं. आठवलं मात्र लापशी झाल्यावर.

दुसऱ्या खेपेला क्रमही बदलला. लावा फार शिजवला की त्याचा चोथा होतो, म्हणून तो आधी मसाल्यात परतून बाजूला ठेवला. रस्सा खळखळला तसे एकेक करून मुटके सोडले. बुडाले. दोन-तीन मिनिटं काहीच नाही, मी पळी पाठीमागं धरून उभा. मग एक वर आला, त्याच्या मागं दुसरा, आणि बघता बघता सगळं पातेलं भरून गेलं. अजून दहा मिनिटं उकळू दिले, मग पाखरं आत सोडली आणि झाकण.

माणसं चार, पाखरं चार. वाटणीचा प्रश्नच नव्हता. मुटके मात्र मी मोजले नव्हते. शेवटी पातेल्यात एकच उरला तेव्हा लेकीनं आणि बायकोनं एकदमच पळीला हात घातला.